गव्हाची दोरी

बड्या राष्ट्रांचे दातृत्व आणि त्यांचे परराष्ट्र धोरण यांचा हिशेब एकाच वहीत मांडलेला असतो. भारताने हा अनुभव १९६५ ते १९६७ या दुष्काळी वर्षांत घेतला. १९५६ सालच्या पीएल-४८० करारामुळे अमेरिकेचा गहू रुपयांत मिळत होता आणि त्या सोयीपायी आपण शेतीची हेळसांड केली. पावसाने दगा देताच अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार बाजूला ठेवून थोडे थोडे धान्य सोडण्यास आरंभ केला. भारताने शेती सुधारावी, ही त्यांची अपेक्षा गैर नव्हती. परंतु जुलै १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोत व्हिएतनामवरील बॉम्बवर्षाव थांबविण्याची मागणी केली आणि त्यानंतर गव्हाची जहाजे रेंगाळू लागली.

त्या गव्हाने बिहारात असंख्य जीव वाचविले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण परक्या धान्यावर जगणारे राष्ट्र मिंधे होते, हेही तितकेच खरे. १९७१ अखेर पीएल-४८० ची आयात थांबली. तरी १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या रेशन दुकानांत परदेशी लाल मिलोच आली.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलसारख्या आदिवासी गावाचा वॉशिंग्टनच्या राजकारणाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. हरितक्रांतीने देशाची कोठारे भरली, हे तिचे ऋण मोठे. परंतु तिचा गहू-तांदूळ युरिया आणि डिझेलवर पोसला जातो आणि त्यांसाठी लागणारे तेल व वायू बव्हंशी परदेशांतून येतात. मे २०१९ मध्ये अमेरिकेने सवलत काढून घेताच भारताला इराणचे तेल बंद करावे लागले. दोरी तीच, गव्हाच्या जागी तेल आले, एवढेच.

हरसूलच्या डोंगरउतारावर पिकणारी नागली आणि वरई थोड्या खतावर येतात. नागली नीट साठविली तर वर्षानुवर्षे टिकते. तरीही संशोधन, साठवण आणि सरकारी खरेदी यांत या धान्यांना गहू-तांदळाच्या पंक्तीला बसविले गेले नाही. भारताच्याच प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले. त्या समारंभाला अर्थ यायचा असेल, तर नागलीची हमीभावाने खरेदी अशा गावांच्या बाजारापर्यंत पोचली पाहिजे आणि ती रेशन दुकानांतून मिळाली पाहिजे. अलिप्ततेची भाषणे दिल्लीत होतात. ती टिकविण्याचे बळ मात्र शेतातून यावे लागते.