डोकेदुखीलाही योग्य डॉक्टर लागतो

विनयपिटकाच्या महावग्गात जीवक वैद्याची गोष्ट आहे. तक्षशिलेहून परतताना तो साकेत नगरीत थांबला. तिथल्या एका श्रेष्ठीच्या पत्नीचे डोके सात वर्षे दुखत होते. नावाजलेले वैद्य आले, सोने घेऊन गेले, पण गुण आला नाही. जीवक वयाने लहान, म्हणून बाईंनी आधी त्याला नकोच म्हटले. त्याने निरोप धाडला की आधी काही देऊ नका, बऱ्या झालात तर वाटेल ते द्या. आणि बाई बऱ्या झाल्या. हाच जीवक पुढे भगवान बुद्धांचा वैद्य झाला.

आज आमच्या ओवेगावातही अशीच वर्षे वाया जातात. डोके दुखते म्हणून बाई मेडिकलमधून गोळी आणते. मग चष्म्याचा नंबर काढते. मग सायनस म्हणून नाकात थेंब घालते. कोणी दाढ काढायला सांगतो. शेवटी शेजारीण अंगारा देते आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही तो गुपचूप कपाळाला लागतो. कामाचे खाडे पडतात, पगार कापला जातो. वर "नाटक करते" हे ऐकावे लागते ते वेगळेच.

आमचे म्हणणे असे, की वारंवार येणारी आणि कामावरून उठवणारी डोकेदुखी हा मेंदू व नसांचा आजार असू शकतो. आधी साध्या एमबीबीएस डॉक्टरांकडे जावे, बीपी तपासावे. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर न्यूरॉलॉजिस्टसाठी चिठ्ठी मागावी. न्यूरोसर्जन वेगळा, तो ऑपरेशन करतो.

अर्धशिशी चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकते. उलटी होते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, अंधारात पडून राहावेसे वाटते. क्लस्टर डोकेदुखी याच्या उलट. एकाच डोळ्यामागे भयंकर कळ येते, त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाणी गळते, नाक वाहते. माणूस पडून राहू शकत नाही, येरझारा घालतो, भिंतीवर डोके आपटतो. झटका पंधरा मिनिटे ते तीन तास टिकतो, दिवसात अनेकदा येतो, बऱ्याचदा रात्री ठरावीक वेळी. यावर साधी गोळी चालत नाही. मास्कमधून जोरात दिलेला शुद्ध ऑक्सिजन किंवा सुमाट्रिप्टानचे इंजेक्शन लागते. झटके येऊ नयेत म्हणून वेगळी औषधे असतात. हे ओळखणारा डॉक्टर मिळेपर्यंत रुग्णाची वर्षे जातात.

तिसरा प्रकार आपणच ओढवून घेतो. महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. मिश्र गोळ्यांना दहा दिवसही पुरतात.

डॉक्टरांकडे जाताना दिनदर्शिका न्या. दुखले त्या तारखेवर लिहा: किती वाजता, किती वेळ, कोणती बाजू, उलटी, पाळी, किती गोळ्या. अर्धशिशी आणि क्लस्टरचे निदान मुख्यतः या माहितीवरून होते. एमआरआय नॉर्मल आला म्हणजे आजार नाही, असे नव्हे.

मात्र अचानक क्षणात आलेली असह्य कळ, ताप आणि मान आखडणे, बोबडी वळणे, हातपाय लुळे पडणे, फिट, दिसेनासे होणे, डोक्याला मार, गरोदरपण किंवा बाळंतपणानंतरचे तीव्र दुखणे, यांपैकी काही असेल तर ओपीडीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही लवकर दाखवा.

आता प्रश्न जायचे कुठे. खारघरहून हार्बरची गाडी थेट सँडहर्स्ट रोडला जाते, तिथून जे. जे. रुग्णालय जवळ. के. ई. एम., नायर आणि सायनलाही न्यूरॉलॉजी विभाग आहे. पण एका तपासणीसाठी अख्खा दिवस जातो, म्हणजे एक दिवसाची मजुरी. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. डोकेदुखीचा रुग्ण दाखल होत नाही, ओपीडीत येतो. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले, पण तज्ज्ञच नसेल तर मोफत काय मिळणार?

काही जण म्हणतात, डोकेदुखीने कोणी मरत नाही, आधी टीबी आणि डेंगू बघा. टीबी बघायलाच हवा. पण जिच्या मजुरीवर चूल पेटते, ती महिन्यातले आठ दिवस उठू शकत नसेल तर ते घर हळूहळू बुडते. बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मागायला शिकवले, उपकार नव्हे.

म्हणून आमची मागणी आहे: पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून दोन दिवस न्यूरॉलॉजिस्टची ओपीडी हवी, आणि क्लस्टरच्या रुग्णाला तिथल्या तातडीच्या विभागात लगेच ऑक्सिजन मिळायला हवा. कोरोनाने ऑक्सिजनचे मोल सगळ्यांना शिकवले आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर आपापल्या विहारात या मागणीच्या निवेदनावर सह्या घ्या. ज्यांचे डोके दुखते त्यांची सही आधी.

जय भीम! नमो बुद्धाय!