नामचिंतन : मल्लीचा सुगंध
नातीच्या बारशासाठी परदेशी वळणाचे नाव शोधले जाते. इंडोनेशियातील मुलींचे ‘मेलाती’ हे नाव म्हणजे आपली मालतीच. मोगऱ्याचे चिनी नाव ‘मोली’ संस्कृत ‘मल्लिका’वरून आलेले. ‘यास्मिन’ मात्र फारसी. युरोपात तीच जॅस्मिन झाली. आपल्याकडे मालती आजीच्या पिढीतच राहिली, हे खटकते.

श्वेतांबर आगमानुसार मिथिलेच्या राणी प्रभावतीला गर्भावस्थेत सुगंधी पुष्पमालांच्या शय्येचे डोहाळे लागले, म्हणून कन्येचे नाव मल्ली ठेवले गेले. त्याच १९ व्या तीर्थंकर. दिगंबर परंपरा मल्लिनाथांना पुरुष मानते. मतभेद जुना आहे. फुलाचा गंध दोन्हींकडे तोच. सांगली-कोल्हापुरात मल्लिनाथ नावाचे आजोबा सहज भेटतात; मल्ली नावाची नात मात्र विरळाच.