शिकणारा राजा आणि न शिकलेले दफ्तर

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेला गोपाळ, मल्हारराव गायकवाडांच्या पदच्युतीनंतर महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतल्यामुळे १८७५ मध्ये सयाजीराव या नावाने बडोद्याच्या गादीवर आला, तेव्हा बाराव्या वर्षी त्याची अक्षरांशी धड ओळखही नव्हती. आणि पुढील सहा वर्षांत शिक्षक इलियटसाहेबांच्या हाताखाली व दिवाण सर टी. माधवरावांच्या राजनीतीवरील व्याख्यानांतून त्याने जी विद्या संपादन केली, ती १८८१ मध्ये कारभाराची मुखत्यारी हाती येताच पुरी झाली असे त्याने मानले असते, तरी त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु ज्या पदावर पोचल्यावर माणसे केवळ इतरांना शिकवू लागतात, त्या पदावर सयाजीराव अखेरपर्यंत विद्यार्थी राहिले. आणि नेतृत्वाविषयी आज जी अखंड चर्चा चालते, तिच्यात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

१८८७ पासून त्यांच्या युरोपच्या वाऱ्या सुरू झाल्या. विलायतेला जाणारे संस्थानिक पुष्कळ होते. तेथे पाहिलेली गोष्ट आपल्या रयतेला मानवेल की नाही, याची धीराने परीक्षा करणारे मात्र विरळा. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची कल्पना त्यांनी एका फर्मानासरशी साऱ्या मुलखावर लादली नाही. १८९३ मध्ये ती अमरेली भागात अमलात आणून, शिक्षक कोठून मिळावेत येथपासून मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांकडून दंड कसा वसूल करावा येथपर्यंतच्या सर्व अडचणी अनुभवल्यानंतर, तब्बल तेरा वर्षांनी, १९०६ मध्ये, त्यांनी ती संस्थानभर लागू केली. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, त्या वेळी बडोद्याचा जिवंत दाखला त्यांच्या हाताशी होता.

ग्रंथालयांची हकीकत याहून बोधक आहे. अमेरिकेतील सार्वजनिक वाचनालये पाहून प्रभावित झालेल्या महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले, आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. पण खरी दूरदृष्टी होती ती पैशाच्या तजविजीत. गावकऱ्यांनी वाचनालयासाठी वर्गणी जमवावी, मग तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने व तेवढीच सरकारने घालावी, असा नियम होता. जो गाव काहीच जमवीत नाही त्याला आयते वाचनालय मिळत नसे, आणि जो जमवितो त्याचा एक रुपया तीन होई. दाता आणि याचक हे नाते मोडून प्रजेला आपल्या शिक्षणात भागीदार करणारी ही व्यवस्था मी कोणत्याही राजवाड्यापेक्षा श्रेष्ठ मानतो.

एवढे असूनही या चरित्रात एक वेदनादायक प्रसंग आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या भीमराव आंबेडकरांना सयाजीरावांनी १९१३ मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात धाडले, तेच १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी म्हणून नाव लावून त्यांनी एका पारशी विश्रामगृहात आश्रय घेतला. सरकारी बंगल्यासाठी केलेला त्यांचा अर्ज एका अंमलदाराकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. आणि एके दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने विश्रामगृहातून बाहेर काढल्यावर, पुढे सयाजीरावांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या कमाटी बागेत, मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते बसून राहिले. राजा न्यूयॉर्कपर्यंत पोचला होता. त्याचे दफ्तर पोचले नव्हते. एका पुरुषाचा आत्मविकास कितीही थोर असला तरी तो हाताखालच्या कारकुनापर्यंत झिरपला नाही, तर त्याची किंमत दुर्बळाला मोजावी लागते, हे मला या प्रसंगात स्वच्छ दिसते.

म्हणूनच लोकप्रतिनिधी व अधिकारी सार्वजनिक खर्चाने परदेशी अभ्यासदौऱ्यावर निघतात, तेव्हा त्यांच्या जाण्याला माझा विरोध नाही. जग परस्परांत इतके गुंतलेले असताना घरी बसून कारभार शिकता येत नाही. माझी मागणी निराळी आहे. परतल्यावर एका प्रभागात अथवा एका गावात, ठरावीक मुदतीत, पाहिलेल्यापैकी एक तरी गोष्ट करून दाखवावी. तिचा अहवाल यशापयशासह रहिवाशांपुढे वाचावा. आणि तो वाचताना ज्या कारकुनांच्या व मुकादमांच्या हातून ते काम व्हावयाचे, त्यांनाही सभेत बसवून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.