यंदाच्या जागरणाला गंजिफा मांडूया

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतींपासून लालबाग-परळच्या चाळींपर्यंत, सावंतवाडीशी या ना त्या नात्यानं बांधलेलं एक तरी घर प्रत्येक मजल्यावर निघतं. गणपतीला आणि मे महिन्यात आपण दादरहून मध्यरात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडतो, सावंतवाडी रोडला उतरतो आणि मिळेल त्या रिक्षेनं थेट आपापलं गाव गाठतो. वाडी वाटेत राहून जाते. फार तर मोती तलावाच्या काठावर एक फोटो, की निघालो पुढं आंबोलीला, नाहीतर गोव्याला.

मंडळी, त्या तलावासमोरच्या राजवाड्यात आपलं एक वैभव आहे आणि ते आपल्या डोळ्यांदेखत हातचं चाललं आहे.

तलाव १८७४ सालचा. राजवाडा त्याच्याही आधीचा, तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला. आत दरबार हॉलमध्ये कारागीर मांडी घालून बसलेले दिसतात. तळहातात मावेल एवढं गोल पान चिमटीत धरायचं आणि बारीक कुंचल्यानं त्यावर कासवाची पाठ उमटवायची. ही दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं, असा एकशेवीस पानांचा कॅट. मत्स्याच्या पानांवर मासे, वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर कुऱ्हाडी. दशावतारी नाटक मुंबईत लागलं की आपण शिट्ट्या मारत गर्दी करतो. तेच अवतार इथं पानांवर उतरले आहेत, आणि त्यांच्याकडे मात्र आपण वळूनही बघत नाही.

ही कला एकदा मरता मरता वाचली आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती उचलून धरली. राणीसाहेब स्वतः एका वृद्ध चिताऱ्याकडून शिकल्या, मग राजवाड्यातच इतरांना शिकवून कामाला बसवलं. पुढं गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे चित्र वाचलं, नाव वाचलं.

खेळ मात्र वाचलेला नाही. आपण गंजिफेची पानं फ्रेममध्ये घालतो, पाहुण्यांना भेट देतो, भिंतीवर लावतो. ती पिसून वाटणारी माणसं आज शोधावी लागतील. आणि मला स्पष्टच वाटतं, नुसती भिंतीवर टांगलेली गंजिफा ही अर्धी गेलेलीच गंजिफा.

बरं, खेळ काही अवघड नाही. तिघांनी बसायचं, प्रत्येकी चाळीस पानं. हुकूम नाही, त्यामुळे कोणाच्या नशिबानं डाव फिरत नाही. कुठलं पान पडलं, कुठलं उरलं, याची आठवण ठेवील तो हात करतो. पाच रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा, ही खरी गंमत. मुलांची डोकी यात अशी रमतील, की मोबाइलची आठवण निदान तासभर तरी येणार नाही. आणि दिवसा खेळायला बसलात तर उतारी रामाच्या राजाची, रात्री बसलात तर कृष्णाच्या राजाची. खेळाला दिवस-रात्र कळते, असा दुसरा पत्त्यांचा डाव मला तरी ठाऊक नाही.

वाडीच्या चितार आळीतल्या लाकडी खेळण्यांचीही तीच गत होऊ पाहते आहे. खरी वाटावीत अशी लाकडी केळी-आंबे, भातुकली, लाखेचे रंग. समोर स्वस्त प्लॅस्टिकचा ढीग. दोष कोणा एकाचा नाही. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला खेळणं आपणच विकत घेतो ना? मग कुठलं घ्यायचं तेही आपल्याच हातात आहे.

तेव्हा यंदा जाताना किंवा येताना एक दिवस वाडीत मोडूया. तलावाला फेरी मारूया, काठावर वेफर्सचं पाकीट न टाकता. राजवाडा बघूया, कारागिरांशी बोलूया, डाव कसा मांडतात ते विचारूया. हातानं रंगवलेला कॅट महाग असतो, असायलाच हवा. एकट्याला झेपत नसेल तर मजल्यावरच्या पाच घरांनी वर्गणी काढावी. भिशी चालवणाऱ्या आपल्याला हे काही नवं नाही. सरावासाठी पुठ्ठ्याची गोल पानं मुलं एका रविवारात कापून रंगवतील. गावाकडच्या कोणा आजोबांना डाव आठवत असेल, तर आत्ताच फोन लावा, त्यांच्याकडून नियम लिहून घ्या. हे पुढच्या वर्षावर टाकू नका.

आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. गणपतीच्या जागरणाला मंडपात पत्ते कुटले जातातच. यंदा एका सतरंजीवर गंजिफा मांडा. तीन माणसं पुरतात, बघणारे आपोआप जमतील. डाव रात्रीचा आहे, तेव्हा पहिली उतारी कृष्णाच्या राजाची, एवढं लक्षात ठेवा आणि पानं वाटायला घ्या.