बिरसीचे विमान आणि कंपनीचा ताळेबंद

गोंदियाजवळील बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. तेथून १३ मार्च २०२२ रोजी ‘फ्लायबिग’ची इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू झाली, तेव्हा जिल्ह्यास साहजिकच आनंद झाला, पण काही महिन्यांतच ती खंडित झाली. १ डिसेंबर २०२३ पासून ‘इंडिगो’ने हैदराबाद व तिरुपतीचा मार्ग सुरू केला. धावपट्टी तीच, जिल्हाही तोच. कंपनी मात्र निराळी. यातील बोध स्पष्ट आहे.

विमान जमिनीवर उभे असले तरी त्याचे भाडे व वैमानिकांचे वेतन थांबत नाही. म्हणून विमानांचा मुक्काम मोठ्या शहरी ठेवणे कंपनीस परवडते. मूठभर विमाने असलेल्या कंपनीचे एक विमान नादुरुस्त झाले, की सर्वांत आधी कात्री लागते ती छोट्या गावाच्या फेरीला. ‘उडान’ योजनेत निम्म्या आसनांचे दर बांधून तुटीपोटी अनुदान मिळते. पण ते तीन वर्षेच. ही शिदोरी आहे, मिरास नव्हे.

तेव्हा नुसती निवेदने देऊन भागणार नाही. मार्ग देताना कंपनीजवळ राखीव विमान व पुरेसे भांडवल आहे काय, हे शासनाने कसोशीने पाहावे. व्यापारी व नागरिकांनीही नागपूरची वाट धरण्यापूर्वी बिरसीचा विचार करावा. रिकाम्या आसनांवर कोणतीही विमानसेवा फार काळ तग धरीत नाही.