कीर्तिदालनात समालोचकाची खुर्ची

खाशाबा दादासाहेब जाधव यांनी 1952 साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! त्यांस तिकडे धाडण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजार रुपयांसाठी आपले घर गहाण टाकले होते. पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाडाहून गोळेश्वरापर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. शेतकऱ्याने आपला मान दिला. आणि सरकारने? अर्जुन पुरस्कार पदरी पडण्यासाठी खाशाबांना 1984 साली अपघातात मरावे लागले, आणि त्यानंतरही सोळा-सतरा वर्षे जावी लागली! दिल्लीतल्या कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव 2010 साली मिळाले आणि त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, महाराष्ट्राचा राज्य क्रीडादिन ठरला 2023 साली. जिवंतपणी विस्मरण आणि मेल्यावर आरती, हा आमच्या सत्काराचा शिरस्ताच होऊन बसला आहे.

परंतु सारा दोष सरकारच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येणार नाही. पराक्रम एका दिवसात होतो. तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो सांगणाऱ्याच्या मुखाने आणि लिहिणाऱ्याच्या लेखणीने. भाऊसाहेब निंबाळकरांचेच पाहा. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध हा कोल्हापूरचा गडी 443 धावांवर नाबाद होता. ब्रॅडमनचा 452 धावांचा उच्चांक मोडावयास अवघ्या दहा धावा हव्या होत्या, तोच प्रतिपक्षाने खेळच सोडून दिला. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये आजही एवढी धावसंख्या दुसऱ्या कोणा भारतीयाने केलेली नाही. तरी निंबाळकरांच्या नशिबी एकही कसोटी आली नाही, आणि नियामक मंडळाचा सी. के. नायडू पुरस्कार आला तो ऐंशी उलटल्यावर. आज किती शाळकरी पोरांना हे नाव ठाऊक आहे?

म्हणून प्रांताचे कीर्तिदालन उभारावयाचे तर त्यात सांगणाऱ्यालाही खुर्ची हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. यात नवल काही नाही. अमेरिकेच्या बेसबॉल कीर्तिदालनाच्या समारंभात क्रीडालेखकांचा 1962 पासून आणि समालोचकांचा 1978 पासून स्वतंत्र गौरव होत आला आहे. आमच्याकडे बाळ ज. पंडित होऊन गेले. स्वतः महाराष्ट्राकडून खेळलेला हा माणूस आकाशवाणीवरून मराठीत धावते समालोचन करी, तेव्हा इंग्रजीचे अक्षर न कळणाऱ्या आजीबाईंनाही चौकार कळे. ‘महाराष्ट्र टाइम्स’चे वि. वि. करमरकर यांनी तर खेळाला मराठी दैनिकात हक्काचे पान मिळवून दिले, आणि त्या पानावर कबड्डी, खो-खो, कुस्ती यांना क्रिकेटच्या पंगतीला बसविले. पंडित 2015 साली गेले, करमरकर 2023 साली. त्यांची ध्वनिमुद्रणे आणि कात्रणे कोठल्या कपाटात धूळ खात आहेत, याची चौकशी आताच व्हावी. पदक काचेआड ठेवले की राहते. आवाज मात्र फितीवरून पुसला गेला की गेला.

आता प्रश्न उरतो तो प्रांताचा. निंबाळकर होळकरांकडून खेळले आणि बडोद्याकडूनही. विजय हजारे जन्मले सांगलीत आणि नावारूपाला आले बडोद्यात. आमच्या बेळगावचे बंडू पाटील 1964 साली टोकियोत हॉकीचे सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होते. त्यांचा जिल्हा मात्र 1956 सालीच दुसऱ्या राज्याच्या नकाशात गेला होता. यांपैकी कोणाला कोणत्या भिंतीवर घ्यावयाचे? सरकारी हद्द पाहून नावे लावली तर हे तिघेही उंबरठ्याबाहेर उभे राहतील. कर्नाटकाने बंडू पाटलांचा गौरव करावा, अवश्य करावा. त्यात आमचे काही उणे होत नाही. पण सुवर्णपदकाचा मानकरी मुंबईच्या वा पुण्याच्या भिंतीवर नसावा आणि कारण विचारले असता कारकुनाने नकाशा दाखवावा, हे आम्ही ऐकून घेणार नाही.

स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळविले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि तेही कोल्हापूर जिल्ह्याचे! ते अजून तरुण आहेत. त्यांचे नाव कोरावयास या खेपेला मुहूर्त शोधू नये.