फारकतीचा हिशेब



फारकत हा शब्द मुळात हिशेबाचा आहे. देणे फिटले, आता कुणाचे कुणाकडे काही निघत नाही, असे लिहून देणे म्हणजे फारकत. सावकार ती कधी फुकट देत नसे. बायकोची फारकत मात्र गावात फुकटात उरकते. एक स्टॅम्पपेपर, चार जणांच्या सह्या, माहेरची वाट, आणि खाते बंद. देणे फिटले का, हे कुणी विचारत नाही. ते खाते आज उघडू.

कापसाच्या भावासाठी आपण रस्त्यावर बसलो तेव्हा काय मागत होतो? उत्पादन खर्च धरा, आणि त्यात घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरीही धरा. सरकारच्या कागदात तो रकाना आहे. 2018-19 पासून ज्या खर्चाच्या दीडपट म्हणून हमीभाव जाहीर होतो, त्यात कुटुंबाची मजुरी धरलेली असते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरत नाहीत, म्हणून आपले भांडण अजून मिटलेले नाही. पण ही कुटुंबाची मजुरी म्हणजे कुणाची? निंदण कोण करते? बोंडे फुटली की ओटी बांधून वेचणीला कोण जाते? सोंगणीनंतर कणसे खुडायला कोण बसते? दिल्लीसमोर तिचे कष्ट मोजायचे आणि घरात तिलाच विचारायचे, 'तू काय आणलंस?' असा दुटप्पी हिशेब सरकारने केला तर आपण त्याला लूट म्हणतो.

साधे गणित करा. वर्षाला तिचे शंभर रोज धरा, रोज तीनशे रुपये. वर्षाचे तीस हजार, दहा वर्षांचे तीन लाख. स्वयंपाक, गुरे, लेकरे यांचा रुपयाही यात नाही. पेरणीच्या तोंडाला बियाण्यासाठी तिचे सोने गहाण पडले ते वेगळे. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की स्त्रीधन बाईचेच. नवऱ्याकडे ते फक्त ठेव म्हणून असते. ठेव परत करायची असते.

आता कायदा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नानंतर कमावलेल्या जमिनीत बायकोचा ठरलेला वाटा नाही. शेजारच्या गोव्यात आहे. तिथे पोर्तुगीजांच्या 1867 च्या संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामायिक होते आणि काडीमोड झाल्यास निम्मी निम्मी वाटली जाते. आपल्याकडे घटस्फोटाच्या वेळी नवऱ्याच्या स्थावरातून बायकोला काही देण्याचे विधेयक 2013 साली राज्यसभेत मंजूर झाले आणि लोकसभेची मुदत संपली तसे विरून गेले.

तरीही हात रिकामे नाहीत. याच कायद्याच्या कलम 25 प्रमाणे न्यायालय कायमची पोटगी ठरवते आणि नवऱ्याच्या जमिनीवर तिचा बोजा ठेवू शकते. सोसायटीचा बोजा सातबाऱ्यावर चढतो, तसा बायकोचा का चढू नये? 2020 च्या निकालाने दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. म्हणून अर्ज लवकर करा. दाव्याची चाहूल लागताच भावाच्या नावे फेरफार करणारे बहाद्दर प्रत्येक तालुक्यात आहेत.

लेकरांचे तर विचारूच नका. पंच बसतात आणि ठरवतात, मुलगा बापाकडे, मुली आईकडे. दावणीची गुरे वाटावी तशी ही वाटणी. वारस ठेवून घ्यायचा आणि खर्च पाठवून द्यायचा, हा त्याचा खरा अर्थ. कायद्यात मुलाचे हित सर्वांत वर आहे आणि पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईजवळ राहते. लेकरू आईच्या घरी गेले म्हणून बापाच्या वडिलोपार्जित जमिनीतला त्याचा हक्क जात नाही. मुलीचाही नाही. महाराष्ट्रात मुलीला जन्माने हा हक्क 1994 च्या दुरुस्तीने आला, साऱ्या देशात 2005 साली. म्हणजे मुलीला आईबरोबर धाडून जमीन वाचवता येईल, हा हिशेबही चुकीचा आहे.

उलट बाजूही सांगतो. बापाचा राग म्हणून आईने लेकराला बापाला भेटूच द्यायचे नाही, हाही अन्यायच. पोटगी थकली म्हणून भेट बंद, भेट बंद म्हणून पोटगी बंद, या ओढाताणीत लेकराचे शाळेचे वर्ष बुडते.

कुणी म्हणेल, आधीच कोरडवाहू पाच एकर, त्याचे आणखी तुकडे करायचे? तीन भाऊ धुरे घालून वाटण्या करतात तेव्हा ही चिंता कुठे जाते? शिवाय वाटा म्हणजे तुकडाच असे नाही. जमीन एकत्र कसा, तिच्या वाट्याचा मक्ता दरसाल द्या, लेकरांची ज्वारी खळ्यावरूनच वेगळी काढा.

1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. कायद्याने त्यांना कुणी भाग पाडले नव्हते. संसार नीट चालू असताना केलेली ती नोंद संसार मोडल्यावर बाईला उभे राहायला जागा देते. भांडण लागल्यावर कुणी तलाठ्याकडे जात नाही.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे चार ठराव ठेवतो. स्टॅम्पपेपरवरच्या फारकतीला आपल्या कार्यकर्त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. रूढीने मान्य असलेला काडीमोड सोडला तर त्या कागदाला कायद्यात किंमत नाही. समझोता करायचाच तर आधी स्त्रीधन आणि कष्टाचा हिशेब लेखी मांडावा. लेकराची शाळा परीक्षेपर्यंत बदलू नये आणि आईबाप दोघांच्या भेटीचे दिवस ठरवून लिहावेत. आणि प्रत्येक कार्यकर्त्याने पुढच्या बैठकीला येताना बायकोचे नाव लागलेला आपला सातबारा आणावा.

घामाचे दाम मागणाऱ्याने आधी घरातले थकलेले दाम चुकते करावेत.